बॅक कम्प्रेशन

शालूची जीप संध्याकाळी सांडूशेठला विकली जाणार होती. तिच्या वडिलांनी, कडूबानं, मेंढरं विकून ही जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली होती. देवगाव रंगारीहून कन्नडला सीटा, म्हणजे प्रवासी, न्यायचं काम शालू करायची. गाडी गेली की पुन्हा लोकांच्या रानात खुरपायला जायचं, हे तिला ठाऊक होतं.

महिनाभर जीप निळा धूर ओकत होती आणि ऑइल मोजायची पट्टी आपोआप वर उडत होती. पुंडलिक मिस्त्रीनं चालू इंजिनाच्या ऑइलचं झाकण सैल करून नुसतं टेकवलं, तर ते थडथड नाचून खाली पडलं.

“बॅक कम्प्रेशन मारतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या. सांडूशेठला देऊन टाका.”

“देऊ,” कडूबा म्हणाला. शालूकडं मात्र त्यानं पाहिलं नाही.

निदान पुसून तरी द्यावी म्हणून शालू गाडीखाली शिरली. इंजिनातून एक रबरी नळी खाली उतरली होती. पिस्टनच्या कडेनं निसटणारा वायू बाहेर पडावा म्हणून ती असते. जुन्या इंजिनात तो ऑइल घेऊन जास्तच निसटतो, म्हणजे नळीच्या तोंडाशी ऑइलचा थेंब तरी लोंबायला हवा. तोंड कोरडं होतं. तिनं पकडीनं आतला काळा, कडक बोळा ओढून काढला आणि डिझेलमध्ये धुतला. लोकर होती.

“आबा, ही घोंगडी कुणी कोंबली?”

कोकरापासून पाण्याच्या घागरीपर्यंत सगळं घोंगडीनं झाकणारा माणूस कडूबा. तुकडा बोटांत धरून तो म्हणाला, “मीच. रस्त्याचं काम चालू होतं तवा. लई फुफाटा होता. म्हटलं, उघड्या तोंडातून आत जाईल.”

आधी लोकरीतून हवा जात असणार. मग ऑइल आणि धूळ मुरून बोळा घट्ट झाला. कोंडलेल्या वायूनं पट्टी उडवली, इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोतलं ऑइल खाली उतरू दिलं नाही, आणि तेच हवेबरोबर जळत राहिलं.

पुंडलिकनं इंजिन चालू करून पुन्हा झाकण नुसतं टेकवलं. ते थरथरलं, पडलं नाही.

“रिंगा झिजल्यात, पण गेल्या नायत. नळी आधी बघायला पायजे होती मी.” त्यानं टर्बोपुढचा पाइप सोडवून साचलेलं ऑइल ओतून काढलं. “उरलंसुरलं जळेस्तोवर धूर निघंल. त्यानंतरबी निघाला, तर मग काय खरं नाय.”

शालूनं गाडी चढावर घातली. मागं कडूबा उलट तोंड करून बसला, कळपामागं चालताना असायची तशी नजर लावून.

“धूर हाय का?” शालूनं विचारलं.

“हाय.”

पुढच्या वळणावर तिनं पुन्हा विचारलं.

“हाय, थोडा.”

त्यानंतर तिनं विचारलंच नाही. चढ संपता संपता तो म्हणाला, “शाले, थांबव.”

तिनं हँडब्रेक ओढला. कडूबा उतरून चालू गाडीच्या सायलेन्सरमागं बराच वेळ उभा राहिला; धूर निघत नव्हता. मग त्यानं फोन लावला.

“सांडूशेठ, चहाला या. गाडी नाय द्यायची... नाय, नाय. नाक बांधून पळवत होतो तिला. माझंच चुकलं.”

फोन खिशात घालून तो पुढं येऊन बसला.

“फिरव आता. सीटा खोळंबल्या असतील.”