अकरावं रीळ

आमच्या उपनगरातल्या थिएटरला इतिहास आहे, हे मीच अर्जात लिहिलं. एरवी ते कुणाच्या ध्यानात आलं नसतं. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाल्कनी आणि समोर बस डेपो, एवढाच तो कारभार. थिएटर पाडायचं घाटत होतं आणि मशीनरूममागच्या खोलीत चाळीस वर्षं राहणारा माझा मामा, तिथला ऑपरेटर, उघड्यावर येणार होता. माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणायचा, "पाहुणा दोन दिवस बरा." हट्टीपणात आमचं घराणं कुणाला ऐकत नाही.

इमारत ऐतिहासिक ठरली तर पाडता येत नाही, म्हणून अर्जाचा खटाटोप.

पाहणीला वारसा जतन कार्यालयाचे साहेब आले. ते इथेच वाढलेले. मी खुर्च्या, जिना, तिकीटखिडकी कौतुकाने दाखवली. साहेबांनी जांभई दिली. मग बोलायचं म्हणून म्हणाले, "खाणीतल्या दोन भावांचा पिक्चर मी इथेच पाहिला. थोरला मधेच कुठे गायब होतो, ते मात्र कधी कळलं नाही. आई म्हणाली, गेला असेल कामाला."

"मरतो तो," मामा म्हणाला. "दरड कोसळून. अकराव्या रिळात."

"पण मी तर पूर्ण पाहिला."

"शेवटची बस आठ चाळीसला. पिक्चर लांबला की बायाबापड्यांची पायपीट. म्हणून संध्याकाळच्या खेळाला अकरावं रीळ मी लावायचोच नाही. कुठल्याच पिक्चरचं. चौदातलं एक गेलं तर कुणाचं काय अडतं?"

मामाने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तोही अभिमानाने. मी कपाळाला हात लावला. माणूस मधेच नाहीसा होतो आणि त्याबद्दल विचारायचं नसतं, हे आमचं अख्खं उपनगर याच थिएटरात शिकलं होतं. मग साहेबांनी वही उघडली आणि तीन पानं लिहून काढली. 'प्रवाशांच्या सोयीसाठी कथानक कमी करणारं दुसरं थिएटर ऐकिवात नाही,' असा शेरा मारला.

दोन महिन्यांनी आदेश आला. थिएटर वाचलं. पहिलं पान वाचून मी मामाला मिठी मारली. दुसरं पान मामाने वाचलं. मशीनरूम आणि मागची खोली जशीच्या तशी जतन होणार होती आणि जतन केलेल्या वास्तूत कुणालाही राहायला मनाई होती. अर्ज माझ्या हातचा होता. मला मामाकडे बघवेना.

आठवड्याने कार्यालयातला कारकून यादी घेऊन आला. मामा गादी गुंडाळत होता.

"गादी राहू द्या," कारकून म्हणाला. "यादीत आहे. स्टोव्ह, आरसा, खुंटीवरचा शर्टसुद्धा."

"आणि मी?" मामाने विचारलं.

कारकून प्रामाणिक माणूस. त्याने यादी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचून पाहिली.