मोठं फाटक

ऑल्डरबी हॉलचं मोठं फाटक मालकांच्या घराण्यासाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठीच उघडायचं. नोकरमाणसं जन्मली काय, मेली काय, त्यांची वाट मागून. त्या फाटकावरच्या लोखंडी वेली आणि सोनेरी मोर केझायाने जन्मभर पुसले. आतल्या बाजूला, फाटकाला लागूनच असलेल्या दोन खोल्यांत तिचा संसार झाला. नवरा एनॉक गवंडी. हरणांच्या रानाभोवतीची लांबलचक भिंत ढासळेल तिथे बांधत राहिला आणि परवा तिच्याच पायथ्याशी कोसळून गेला.

फाटकासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे चर्च. मागच्या वाटेने जायचं तर अख्ख्या भिंतीला वळसा घालून चिखल तुडवायचा.

"एकदाच उघडू द्या, साहेब," तिने कारभारी थर्लबीला विनवलं.

"आज तुझ्या नवऱ्यासाठी उघडलं, तर उद्या सगळे रांग लावतील, बाई."

"मरायला रांग लावतं होय कुणी?"

थर्लबी चालता झाला. केझायाच्या अंगाचा तिळपापड झाला. किल्ली तर तिच्याच कमरेला होती. काढू देत कामावरून, जाऊ दे खोली, पण माझा माणूस समोरूनच जाणार, असं तिने ठरवून टाकलं.

माणसांनी शवपेटी खांद्यावर घेतली, तशी तिने दोन्ही दारं सताड उघडली. पुढे तिचा मुलगा सायलस, मागे तबेल्यातले, बागेतले गडी. सगळे जागीच थबकले.

"चला की!"

कुणी पाऊल उचलेना.

"आई, हे आपलं दार नव्हे," सायलस हळूच म्हणाला. "बाबांना नसतं आवडलं."

"मला शिकवतोस? अरे, थर्लबी नाही इथे. कुणाला भितोस?"

"भीत नाही गं. बरं दिसत नाही."

आणि तो खरंच भीत नव्हता. घाबरला असता तर तिने चार शिव्या देऊन त्याला पुढे ढकललं असतं. आता कुणाशी भांडणार? गड्यांनी माना हलवल्या आणि पेटी मागच्या वाटेला वळवली.

"दार लाव, आई," जाता जाता सायलस म्हणाला. "हरणं बाहेर पडतील."

पडू देत मेली, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण हात आपोआप पुढे झाले. तिने एक दार ओढलं, मग दुसरं, अडसर घातला, किल्ली फिरवली. वळून बघते तो पेटी झाडांआड गेलेली. स्वतःच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेमागे तिला चिखलातून धावावं लागलं.