शुद्ध पाण्याचा रंग

शुद्ध पाण्याचा रंग पिवळा असतो. पुंजाराम गेली एकोणीस वर्षं हे सांगत होता आणि एकाही शास्त्रज्ञाने ते खोडून काढलं नव्हतं. एक तर बोरदडीत शास्त्रज्ञ येत नसत. दुसरं म्हणजे ते खरं होतं. पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पांढरी पावडर, नीट मुरलेली असेल तर ओटी नावाच्या तपासणीच्या औषधाचे दोन थेंब टाकताच नळीतलं पाणी पिवळं होतं. पावडर नसेल तर ते नितळच राहतं. नितळ दिसलं की घाबरायचं, एवढं ग्रामपंचायतीच्या नोकरीने त्याला शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी तो स्वतःच्याच दारातल्या नळापाशी उकिडवा बसून नळीकडे बघत होता. तपासणी गावातल्या शेवटच्या नळावर करावी असा नियम आहे. बोरदडीतला शेवटचा नळ बौद्धवस्तीत, आणि वस्तीतला शेवटचा पुंजारामच्या दारात. तिथवर येताना पाइप दोनशे फूट गटारातून येई आणि पाणी पाइपातून. निदान कागदावर तरी तसं होतं.

"रोज उठून बायकोच्याच दारात ओटी भरणारा पहिला माणूस बघितला," लता म्हणाली. हा विनोदही एकोणीस वर्षांचा होता आणि रोज चालत असे. आज चालला नाही.

"पिवळं नाय झालं," पुंजाराम म्हणाला.

"अजून दोन थेंब टाका."

"थेंबाची चूक नाय. पावडर मेली. पावसाळाभर गोणीचं तोंड उघडं व्हतं. आधी नुसती हुंगली तरी डोळ्याला पाणी यायचं, आता भिंतीवानी वास येतो. तू उकळून पी आज."

"सातला छाटणीची गाडी येती. उकळू कधी, गार करू कधी अन् पिऊ कधी?" लताने बाटली नळाखाली धरली, भरली, बूच लावलं आणि पिशवीत टाकली. "तुमच्यावानी सावलीतली नोकरी नाय माझी."

पुंजारामने तिच्या हातून बाटली काढून घेतली नाही. ते त्याला नंतर आठवत राहिलं.

रजिस्टरात त्याला काही लिहायचं नव्हतं, कारण ते लिहून झालेलं होतं. एक तारखेलाच तो ऑक्टोबरचे एकतीस 'पिवळा' एका बैठकीत लिहून टाकी. ही पद्धत भाऊसाहेबांची. भाऊसाहेब म्हणजे गावचे ग्रामसेवक गोविंदराव. माणूस मनाने चांगला, आणि अक्षरही चांगलं.

ते ऑफिसात होते. कोपऱ्यात पावडरच्या दोन नव्या गोण्या उभ्या होत्या.

"भाऊसाहेब, यातली एक टाकीत टाकतो. पाणी नितळ येऊन ऱ्हायलं."

"त्या गुरुवारच्या आहेत, पुंजाबाबा. समिती येतेय. पाच वर्षं गावात साथ नाही, चंदेरी कार्ड मिळणार आपल्याला. वळणापासून ऑफिसपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पांढरी लाइन मारायची आहे."

"रस्ता कोन पितं?"

"समिती टाकीवर चढते का? रस्त्यानेच येते ना?" भाऊसाहेबांनी शांतपणे समजावलं. "पावडर रस्त्यावर दिसते. पाण्यात ती विरघळून जाते."

"मंग रजिस्टरात नितळ लिहू का?"

"लिहिलेलं खोडू नका. खाडाखोड दिसली की लोकांना शंका येते."

मंगळवारी दुपारी लता द्राक्षबागेतून टेम्पोत आडवी होऊन आली. संध्याकाळपर्यंत ती अकरा वेळा बाहेर जाऊन आली. बाराव्या वेळी तिला उठता आलं नाही. बुधवारी वस्तीत आणखी दहा जण झोपून होते. उपकेंद्राच्या तृप्ती मॅडम घरोघर सलाइन लावत हिंडल्या. स्टँड नव्हता, म्हणून लताची बाटली बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला टांगली.

"मॅडम, ही साथ हाय ना?" पुंजारामने विचारलं.

"अकरा एकत्र लिहिले तर साथ होते, बाबा." तृप्ती मॅडमनी त्याच्याकडे न बघता सुई चिकटपट्टीने पक्की केली. "भाऊसाहेबांचा फोन होता. चार उलट्या, चार जुलाब, तीन अशक्तपणा असं लिहा म्हणाले. मी अजून काहीच लिहिलेलं नाही. पण यांना लघवी होत नाहीये. सकाळपर्यंत नाही झाली तर नाशिकला न्या."

सकाळपर्यंत झाली नाही. गुरुवारी उजाडताना एकशेआठची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली. लताला आत ठेवलं, सून पूजा शेजारी बसली. पुंजाराम चढायला लागला तसं लताने बोट हलवलं. तेवढंच हलत होतं.

"तुम्ही कुठं?"

"तुझ्यासंगं."

"पूजा हाय ना. पाणी कोन बघल? सहाला सोडायचं ना... पोरी पित्यात."

"अगं, पाणी गेलं..."

"बघा म्हनते ना."

गाडीचं दार लागलं. पुंजारामने खराटा आणि घमेलं घेतलं.

रस्ता खरोखर सुंदर दिसत होता. दोन्ही गोण्यांची पावडर वळणापासून सरळ रेघेत पडलेली, मधे कुठे तुटलेली नाही. त्याने ऑफिससमोरून सुरुवात केली. वरवरची पांढरी तेवढी अलगद ओढायची, खालची माती सोडायची. घमेलं भरलं की बादलीत कालवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी घेऊन टाकीची शिडी चढायची. डोळ्यांतून पाणी येत होतं. पावडर चांगली होती.

चौथ्या घमेल्याला भाऊसाहेबांची मोटरसायकल येऊन थांबली.

"पुंजाबाबा! काय चालवलंय? दहाला समिती आहे!"

"पाणी पिवळं करतो, भाऊसाहेब."

"अहो, अर्धी लाइन खाल्लीत तुम्ही!"

"आजून अर्धी हाय," पुंजाराम म्हणाला आणि वाकला.

भाऊसाहेबांनी खराट्याला हात घातला. पुंजाराम सरळ झाला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. तोंडावर, भुवयांवर, मिशीवर पावडर बसलेली. भाऊसाहेबांनी हात काढला. सस्पेंड करीन म्हणाले, पण जरा लांब गेल्यावर.

त्या दिवशी पाणी सहाऐवजी साडेआठला सुटलं. पुंजारामने शेवटच्या नळावर नळी धरली, थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, चांगलं हळदीसारखं. रजिस्टर आणि पाणी यांचं त्या आठवड्यात पहिल्यांदाच जमलं.

समिती दहाऐवजी साडेअकराला आली. साहेबांनी स्वतः वस्तीत येऊन नळी हातात घेतली. ही जोखीम सहसा कोणी घेत नाही. पाणी पिवळं झालेलं पाहून त्यांनी "व्वा" म्हटलं आणि नळीसकट फोटो काढून घेतला. पुंजारामला फोटोत घेतलं नाही, कारण तो बाजूला कानाला मोबाइल लावून उभा होता. पलीकडून पूजा रडत होती.

वस्तीतले बाकीचे दहा जण आठवडाभरात उठले. त्यांतल्या तीन बायका सोमवारीच छाटणीला गेल्या. पुंजारामला सस्पेंड केलं नाही. दुसरा माणूस शिडी चढायला तयार नव्हता. कार्डही मिळालं. अहवालात 'साथरोग : निरंक, जलजन्य मृत्यू : निरंक' असं होतं, भाऊसाहेबांच्या चांगल्या अक्षरात.

बाराव्या दिवशी पुंजाराम ऑफिसात गेला. भाऊसाहेब उठून उभे राहिले, त्याला खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"दाखला पायजे व्हता," पुंजाराम म्हणाला. "लताचा."

"आपल्याकडे नोंद नाही होत, पुंजाबाबा. माणूस जिथे जातो तिथे नोंद होते. वहिनी नाशिकला गेल्या."

"पाणी हितलं पिली ती."

भाऊसाहेबांनी नाइलाजाने हात पसरले. "प्यायल्याची नोंद नसते."

चहा आला. पुंजारामने तो घेतला.

"नाशिकला कुठं जाऊ मंग?"

भाऊसाहेबांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. खिडकी क्रमांक तीन. सोमवार ते शुक्रवार, दहा ते एक.