भोक नसलेला पैसा

या, असे पुढे या. खांबाआड कशाला बसता? सतरंजीवर अजून जागा आहे. गोष्ट सांगायची आहे एका पैशाची, आणि ती शेजारी बसूनच ऐकावी लागते. मोठ्या आवाजात ती सांगवत नाही. देवाचं नाव घ्या आणि कान द्या.

"काय हो शिंपीअण्णा, देवाच्या तबकातनं चोरी? तीही सकाळच्या उजेडात?"

पिराजीनं मान वर केली नाही. राममंदिराच्या ओसरीवर तो मांडी घालून बसला होता. पुढ्यात काल संध्याकाळच्या हरिकथेचं आरतीचं तबक होतं. कापूर जळून मधे काळा डाग पडला होता, आणि कडेनं नाणी, तांदूळ, सुकलेली शेवंती. एकेक नाणं उचलून तो डोळ्यांशी धरी, अंगठ्यानं पुसून परत ठेवी. एखादंच वेगळं काढी, आणि त्याच्या जागी आपल्या खिशातलं टाकी.

"जेवढं काढतो तेवढं घालतो, मास्तर. बसा आणि बघा."

हयवदन मास्तर बसले. शाळेत चित्रकला शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, बसवनगुडीहून पायी हरिकथेला येणारे. युगादीच्या पाडव्यापासून रामनवमीपर्यंतचे नऊ दिवस त्यांनी कधी चुकवले नव्हते. आज मात्र ते सकाळीच आले होते, कारण काल छत्री विसरली होती.

"यातलं खोटं कुठलं?"

"खोटं कुठलं ते विचारू नका, खरं कुठलं ते विचारा," पिराजी हसला. "शेट्टीच्या दुकानात जे चालत नाही ते सगळं रामाला. देव काय दातानं चावून बघतोय थोडाच! आरती येते, दिवा डोळ्यांसमोर, गर्दी, ढकलून देतात हळूच. दोष कुणाला द्यायचा? आपणही तसलेच."

शेवटचं वाक्य त्यानं जरा भराभर उरकलं.

मास्तरांनी त्यानं बाजूला काढलेला एक आणा उचलला. छाप एका कुशीला सरकलेली, अर्धं नाणं कोरं. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अय्यो! पिराजी, असली किती जमवलीत?"

"नऊ वर्षांची आहेत. एक डबा आहे घरी."

"दाखवाल? आत्ता?"

"सरी, बरं, चला की. दुकान काय दहाशिवाय उघडायचं नाही."

चिक्कपेटेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की कन्नड, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पिराजीची बायको सकवारबाई आत चुलीशी होती. पाहुणे आले म्हणून तिनं कॉफीला आधण ठेवलं. पिराजीनं कोनाड्यातून बिस्किटांचा जुना डबा काढून चटईवर उपडा केला.

मास्तर चटईवर जवळजवळ आडवेच झाले. "हे बघा, दोन्ही बाजूंना एकच छाप. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की असं होतं. आणि हे, नुसती चकती! ठशाखाली गेलंच नाही बिचारं. मुंबईत एक दोघे आहेत, असल्या नाण्यांवर जीव टाकतात. मीही त्यातलाच. कुठल्या ज्ञानानं जमवलंत हे?"

"ज्ञान कसलं! कुणी दुसऱ्यानं वापरू नये म्हणून उचलून ठेवलं."

"वापरलं तर काय बिघडतं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

मास्तरांना ढिगाच्या तळाशी एक कापडाची पुरचुंडी दिसली. उलगडली तर आत तांब्याचा एक पैसा. लढाईच्या दिवसांत निघाले होते ना, मधे मोठं भोक असलेले, बांगडीसारखे? तसलाच. फक्त याला भोक नव्हतं. कडेला मुकुट, अक्षरं, साल, सगळं जागच्या जागी, आणि मधे जिथं आरपार दिसायचं तिथं कोरा, गुळगुळीत गोल.

मास्तरांनी तो तळहातावर घेतला आणि भिंगाखाली धरून उलटसुलट पाहिला.

"पन्नास रुपये देतो," शेवटी ते म्हणाले. "आत्ता नाहीत, पण देतो."

"तो नाही, मास्तर."

आता त्या पैशाचं काय होतं ते ऐका.

पिराजी आणि सकवारबाईची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. तिसरी मुलगी झाली, चव्वेचाळीस साली. तेव्हा वडीलधाऱ्यांनी सांगितलं, हे पोर आपलं म्हणू नका. सुपात घालून देवाच्या दारात ठेवा, परक्या बाईला उचलू द्या, मग तिच्याकडून पैसा देऊन विकत घ्या. विकत घेतलेल्या पोरावर यमाची नजर जात नाही. तसं केलं. शेजारच्या सगुणाबाईनं पोर उचललं आणि हात पुढे केला. "टाक पैसा, अण्णा, आणि ने आपली वस्तू!"

पिराजीच्या खिशात दोन पैसे होते. एक चांगला, भोकाचा. दुसरा हा, आदल्या दिवशी कुणीतरी शिलाईत खपवलेला, आणि शेट्टीनं दोनदा परत केलेला. बोटांना दोन्ही कळत होते. एकाला भोक, एकाला नाही. पिराजीनं क्षणभर बोटं फिरवली आणि हा काढून दिला. विधीचाच तर पैसा, त्याला कोण बाजारात मोडायला जातंय! आणि चांगल्या पैशाची सकाळी कोथिंबीर येते.

मुलीचं नाव दमडी ठेवलं. इतकं हलकं नाव, की कुणाला हेवा वाटू नये.

दोन महिन्यांत सगुणाबाईच्या ध्यानात आलं. रागावली नाही ती. तिचा स्वभावच हसरा. उलट गल्लीत सगळ्यांना पैसा दाखवत फिरली. "बघा गं, ह्या शिंप्यानं मला फसवलं! पैसा खोटा, म्हणजे पोर अजून माझंच!" ती कायमची थट्टा होऊन बसली. दमडी बोलायला लागल्यावर स्वतःच जाऊन तिच्या मांडीवर बसे आणि ओरडे, "अप्पा, मी अक्काचीच! तुम्ही खोटा पैसा दिला!" पिराजी हसून म्हणे, "उद्या देतो खरा, मग आणतो उचलून." दमडी म्हणे, "उद्या नको, परवा."

उद्या, परवा. पाच वर्षं गेली. घसा सुजला, श्वास लागेना. घटसर्प म्हणाले डॉक्टर. चौथ्या दिवशी दमडी गेली. दहाव्या दिवशी सगुणाबाई आली, हा पैसा तिनं उंबऱ्यावर ठेवला आणि पदर तोंडात धरून गेली. पुढं दोन वर्षांत तीही वारली.

पिराजीनं तो पैसा उचलला तो न्यायाधीशाच्या हातून शिक्षेचा कागद घ्यावा तसा. त्याच वर्षी त्यानं मंदिरात आरतीचं तबक फिरवण्याची सेवा मागून घेतली. कुणाच्या हातून असलं नाणं पुन्हा कुणाच्या सुपापाशी जाऊ नये, म्हणून. लोक म्हणत, पिराजीला नाण्यांचा छंद लागला. त्यानं म्हणू दिलं.

यातलं मास्तरांना काही ठाऊक नव्हतं. पिराजीनं फक्त एवढंच सांगितलं, "खोट्या पैशाला पन्नास रुपये कोण घेतो, मास्तर? एकदा एका कामाला हा दिला होता. काम बिघडलं."

"खोटा?" मास्तर उठून बसले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस. चूक ऐकून घेणं त्यांना जमत नसे. "खोटा कोण म्हणतो? खोटं नाणं चोर पाडतो. हा सरकारी टाकसाळीतला. तांबं तेच, वजन थोडं जास्तच, भोकाचं तांबं याच्यातच राहिलंय! यंत्र एकदा चुकलं, एवढंच. पैसा पुरा खरा."

"म्हणजे... चालला असता?"

"असता काय! दिलात तेव्हाच चालला. घेणाऱ्याला कळलं नाही तर तो घेणाऱ्याचा अडाणीपणा."

कॉफी आली. मास्तरांनी ती फुंकून प्यायली, सकवारबाईला नमस्कार केला. पिराजीनं बाकीची सगळी नाणी डब्यात भरून डबा त्यांच्या हातात दिला.

"अहो, मोल तरी सांगा!"

"मोल नाही. तुम्ही ठेवा. तुमच्याकडे त्यांची कदर होईल."

छत्री काखेत आणि डबा पोटाशी धरून मास्तर गेले. पिराजी चटईवर तसाच बसला होता, मुठीत तो पैसा. सकवारबाई कपबशा उचलायला आली आणि न उचलता समोर बसली.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "खरा होता म्हणे."

"ऐकलं."

"तुला एक सांगायचं राहिलंय, सकू. नऊ वर्षं... नाही, चौदा वर्षं. त्या दिवशी खिशात दुसरा पैसा होता. चांगला. मी जाणून हा दिला."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक?"

"दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आणलीत की तुम्ही." तिनं चटईची निघालेली काडी आत खोचली. "दमडी रांगायच्या आधीच मी सगुणाक्काला खरा पैसा नेऊन दिला होता. भोकाचा. पोर परत ओटीत घेतलं, कुंकू लावलं, सगळं रीतीनं केलं. पुढं पोर बोलायला लागल्यावर अक्का म्हणाली, आता थट्टा थांबवू का गं? मी म्हटलं, नको, पोरीला गंमत वाटते."

बाहेर रस्त्यानं टांगा गेला.

"मग तो उंबऱ्यावर का ठेवून गेली ती?"

"तिला तो घरात बघवेना. आणखी काय!"

"आणि तू? माझ्याकडे बघत होतीस ना एवढी वर्षं? तबकं निवडताना बघत होतीस. एकदा सांगायचंस."

सकवारबाईनं कपबशा एकावर एक रचल्या. मग म्हणाली, "काय सांगू? खरा पैसा देऊनही पोर गेली म्हणून सांगू? तुमच्यापाशी कारण तरी होतं हो. खोटा पैसा दिला, म्हणून गेली. त्याला धरून तुम्ही उठत होता, दुकानात जात होता, देवळात जात होता. मी तर सगळं रीतीनं केलं होतं. माझ्यापाशी काहीच नव्हतं. तुमचंही काढून घेऊ का, असं वाटायचं. आज मास्तरांनीच काढलं, म्हणून बोलले."

तिनं कपबशा उचलल्या. उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबली. पिराजीला वाटलं हात धरावा. पण त्याच्या मुठीत पैसा होता, आणि तेवढ्यात ती आत गेली.

नवमीचा दिवस उजाडला. अंगणात गुळाच्या पानकाचे हंडे, भिजवल्या डाळीच्या कोसंबरीची पातेली. हरिदासांनी आख्यान फार रंगवलं. झांजा थांबल्या, बुक्का लागला, आरती झाली. पिराजीनं तबक उचललं. तबकात पहिलं नाणं तबक धरणाऱ्यानं घालायचं, अशी तिथली रीत. त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली आणि तो भोक नसलेला पैसा कापराच्या ज्योतीपाशी ठेवला.

पहिल्याच ओळीत हयवदन मास्तर होते. त्यांना तो दिसला. त्यांचा हात आपोआप पुढे आला, बोटं पैशापासून दोन अंगुळांवर थांबली. त्यांनी पिराजीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि आपला आणा घालून, आरती घेऊन, हात मागं नेला.

पिराजी पुढे निघाला. त्या दिवशी त्यानं तबकात पाहिलं नाही. कोण काय घालतं, कसं घालतं, कशाची छाप कुठं सरकली आहे, काही पाहिलं नाही. खाली बघायचं काम उरलं नाही, म्हणून त्याची नजर नऊ वर्षांत पहिल्यांदा वर राहिली.

बायकांच्या बाजूला भिंतीशी सकवारबाई उभी होती. दर वर्षी तिथंच उभी राही. तिनं ज्योतीवर दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले. मग पुन्हा एकदा धरले. आणि ते ऊबदार तळवे तिनं शेजारी नेले, जिथं कुणी नव्हतं, आणि केसांवरून फिरवावेत तसे हवेतून अलगद खाली आणले. आया लेकरांना आरती देतात, अगदी तशी. शेजारची बाई जराही चकित झाली नाही. तिला ते सवयीचं असावं.

पिराजी तबक धरून उभाच राहिला. मागची माणसं म्हणू लागली, "चला की अण्णा, पुढे चला." तो पाहत होता की तिचे हात कमरेपाशी गेले नव्हते, पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्याइतके. ते तिच्या खांद्याच्याही वर गेले होते. चौदा वर्षांची मुलगी एवढी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबक न निवडताच देवाच्या पेटीत रिकामं झालं.

झाली गोष्ट. आता उठा, पण एक मागणं आहे. कधी हरिकथेला गेलात, आरती आली, आणि तबकात काही घातलंत, तर दोन्ही हात ज्योतीवर एकदा जास्तीचे धरा. दमडी नावाच्या एका मुलीची आठवण ठेवा.