थोरलीचं कार्ड

"सरक बाई, मी करते," म्हणत भिंगरीने थोरलीला कोपराने बाजूला केलं आणि चाकांच्या टेबलावरच्या कीबोर्डवर तिची बोटं धावायलाही लागली. "बोल. ताप? नाडी? बीपी?"

थोरलीने तिन्ही आकडे तोंडपाठ सांगितले. मग जरा रुसल्यासारखी म्हणाली, "मी करतच होते गं. ते यंत्र मध्येच झोपी गेलं, त्याला मी काय करू?"

"तू इतका वेळ लावतेस, की त्याला वाटतं समोर कुणी नाहीच."

खिडकीजवळच्या खाटेवरच्या वृद्ध बाई खुदकन हसल्या. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, साखरेचा आजार जुना. "माझ्या वर्गात असतात ना तुम्ही दोघी," त्या म्हणाल्या, "तर एकीला पहिल्या बाकावर बसवलं असतं आणि एकीला दाराबाहेर उभं केलं असतं."

"दाराबाहेर मीच," असं म्हणेपर्यंत भिंगरी पुढच्या खाटेपाशी पोचलीसुद्धा.

बायकांच्या त्या वॉर्डची ती इन्चार्ज. भिंगरी हे नाव तिला थोरलीनेच ठेवलेलं. दोघी नव्या नव्या नोकरीला लागल्या तेव्हाचं. इतर सिस्टर ते तिच्या माघारी म्हणत, थोरली तोंडावर म्हणे. तिचं एका जागी बूड टिकत नसे. चहा उभ्याने, जेवण अर्ध्याने, फोनवर लेकीशी बोलणं येरझाऱ्या घालत. घरी नवरा म्हणायचा, "अगं, बस की जरा. ताट काही पळून जात नाही." ती बसायची, आणि पहिला घास तोंडात असतानाच कपाटाचं दार नीट लागलंय का ते बघायला उठायची. थोरली नेमकी उलटी. वयाने वॉर्डात सगळ्यांत मोठी, म्हणून थोरली. हात संथ, आवाज मऊ. कुणाची शीर सापडेना की तिलाच हाक जायची.

चाकांच्या टेबलावरचा हा कॉम्प्युटर आल्यापासून मात्र भिंगरीला झोपही धड लागत नव्हती. याआधीही एकदा वॉर्डात कॉम्प्युटर आला होता. चार दिवस सगळ्यांनी त्याला पाहुण्यासारखं वागवलं. मग त्याच्यावर चादर पडली, आणि पुढे त्या चादरीवर धुतलेले अभ्रे येऊन पडायला लागले. या खेपेला मेट्रन मॅडमनी भिंगरीला बोलावून घेतलं. "तुमच्या वॉर्डात हे चाललं तर सगळीकडे चालेल," त्या म्हणाल्या. "आणि सगळीकडे चालायला लागलं की ते बघायला कुणीतरी लागेल." पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण भिंगरी जिना उतरली ती दोन-दोन पायऱ्या गाळत.

आणि तिने ते चालवून दाखवलं होतं. सुरुवातीला सगळ्यांनी बोटं मोडली. दर पेशंटपाशी हातमोजे काढा, पासवर्ड टाका, हातमोजे घाला. शेवटी एका सकाळी तिने कॉम्प्युटरवाल्याला वॉर्डातच उभं केलं. "नुसतं आमच्यामागे फिरा," ती म्हणाली. तो शहाणा माणूस होता. दुपारपर्यंत मुकाट फिरला आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकीसाठी एक कार्ड घेऊन आला. कार्ड टेकवलं की स्क्रीन उघडणार, तिच्या नावाने. जाताना तो तिला एक गोष्ट सांगून गेला: "सिस्टर, औषध जिथे दिलं तिथेच नोंद व्हायला हवी. शिफ्ट संपल्यावर आठवून भरलीत, तर मधल्या वेळात हे यंत्र खोटं बोलतंय असं समजा."

ते तिला मनापासून पटलं. तिने वॉर्डभर तेच घोकून घेतलं. पोरी महिन्याभरात तयार झाल्या. त्यांतली चष्मेवाली तर अशी झपाट्याने शिकली, की इतरांच्या अडचणी तीच सोडवायला लागली. राहिली फक्त थोरली. तिचं बोट कीबोर्डवर अक्षर शोधत फिरायचं आणि मागे पेशंट ताटकळायचे. भिंगरीला ते बघवायचं नाही. मग तिने आपल्यापुरती एक वाट काढली: थोरलीने तोंडी सांगायचं, आणि आपण सवड मिळेल तसं थोरलीचं कार्ड टेकवून पटापट भरून टाकायचं. थोरलीचं कार्ड भिंगरीच्याच खिशात राहायला लागलं. कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या दुपारी भिंगरीला वरच्या मजल्यावर बोलावणं होतं. संचालकांसमोर वॉर्डची कामगिरी सांगायची होती. ती निघायच्या बेतात असताना थोरली म्हणाली, "शाळेच्या बाईंना जेवणाआधीचं इन्सुलिन दिलंय गं. तेवढं भर."

"आल्यावर भरते," भिंगरी म्हणाली आणि गेली.

वर तिने छान सांगितलं. औषधांच्या नोंदी वेळच्या वेळी होतात, चुका होत नाहीत. संचालकांनी माना डोलावल्या. मेट्रन मॅडम तिच्याकडे बघून हसल्या. कुणीतरी तिला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

खाली तेवढ्यात थोरली एका पेशंटला घेऊन एक्स-रेला गेली. दुपारपाळीला आलेल्या चष्मेवालीने कार्ड टेकवलं, तर बाईंच्या नावापुढे लाल खूण: इन्सुलिन बाकी. तिने बाईंना हलवून विचारलं, "बाई, सुई टोचली का हो मघाशी?" जेवून पेंगुळलेल्या बाई म्हणाल्या, "नाही गं, नाही टोचली." चष्मेवालीला शिकवलं होतं तसंच ती वागली. इन्सुलिन दिलं, आणि तिथल्या तिथे नोंद केली.

भिंगरी परत आली तेव्हा खिडकीजवळच्या खाटेभोवती पडदा होता. तिने तो ओढला. बाई घामाने निथळत होत्या. डोळे उघडे, पण कुणाला ओळखत नव्हते. तोंडाने त्या कुठल्याशा मुलांना "ओळीत या, ओळीत या" असं पुटपुटत होत्या. चष्मेवाली साखर तपासत होती.

"किती?" भिंगरीने विचारलं. साखर फारच खाली गेली होती. "ग्लुकोज आण. पळ!"

शीर सापडेना. भिंगरीने एकदा टोचलं, चुकलं. दुसऱ्यांदा टोचलं, चुकलं. "थोरली कुठंय? थोरलीला बोलवा!" थोरली धापा टाकत आली, बाईंचा हात हातात घेतला, डोळे मिटल्यासारखं करून अंगठ्याने चाचपला, आणि सुई आत गेली. मग दोघी नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने बाईंनी मान वळवली आणि खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "घंटा झाली का?"

चष्मेवाली भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

संध्याकाळी मेट्रनच्या खोलीत सगळे जमले. कॉम्प्युटरवाला आला होता. थोरली दाराशी उभी होती, पदर घट्ट मुठीत धरून.

"सरळ आहे," मेट्रन मॅडम म्हणाल्या. "इन्सुलिन दिलं आणि नोंद केली नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढंही कळू नये?"

थोरलीने भिंगरीकडे बघितलंही नाही.

"नाहीतर मग यंत्राचा दोष म्हणायचं," मॅडम पुढे म्हणाल्या. "तसं झालं तर उद्यापासून ते बंद."

भिंगरीच्या डोक्यात चक्र फिरत होतं. यंत्राचा दोष म्हटलं तर थोरली सुटते, आपणही सुटतो. मग पुन्हा चादर, पुन्हा अभ्रे. नाहीतर गप्प बसायचं. थोरली काही सांगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तेच तिला सोसेना. तिने खिशातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"हे थोरलीचं आहे. माझ्याकडे असतं. तिच्या नोंदी मी भरते, सुरुवातीपासून. आजची माझ्याकडून भरायची राहिली. यंत्र बरोबर आहे, मॅडम. मी त्याच्याकडून खोटं बोलवलं."

मॅडमनी कार्ड उचलून बघितलं.

"म्हणजे आज तुम्ही वर जे सांगून आलात..."

"तेही पूर्ण खरं नव्हतं."

मेट्रन मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावल्यापेक्षा त्या थकल्यासारख्या दिसल्या. "जा तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

जिन्यात भिंगरी म्हणाली, "थोरले, चुकलं माझं. तुला वाचवायला म्हणून..."

"मला वाचवायला?" थोरली थांबली. तिचा आवाज इतका चढलेला भिंगरीने कधी ऐकला नव्हता. "मी कधी म्हटलं, माझं तू कर? मी अक्षर शोधायला लागले की तू सरक म्हणायचीस. रोज सरक, रोज सरक. तुझ्या लेकीला चालायला शिकवताना तिला कडेवरूनच फिरवलंस का गं?"

भिंगरी पायरीवरच थांबली.

"मला शिकायचंय," थोरली म्हणाली. "रिटायर होताना मला येत नव्हतं असं नको कुणी म्हणायला. शिकवशील तर बसून शिकव. नाहीतर त्या चष्मेवालीला सांगते."

दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटल्यावर दोघी भांडारखोलीत बसायला लागल्या. भिंगरीला ते औषध पिण्यासारखं होतं. थोरलीचं बोट कीबोर्डवर घिरट्या घालायचं आणि भिंगरीच्या सगळ्या अंगाला मुंग्या यायच्या. ती स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसायची.

"ही अक्षरं अशी विस्कटून कुणी लावली गं? पोराच्या हातून डबा सांडल्यासारखी."

"शोध. तिथेच आहे."

"कुठे?"

"तिथेच," भिंगरी म्हणायची, आणि जीभ चावायची.

मग एकदा चिडून थोरली म्हणाली, "अगं, मला नीट दिसतच नाही ते! मुंग्या चालल्यासारखं दिसतं." एवढे दिवस हे कुणी विचारलंच नव्हतं. भिंगरीने कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. त्याने कार्डावरच सोय केली: थोरलीने ते टेकवलं की अक्षरं मोठी. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन वयस्क सिस्टरनीही मग लाजत लाजत तीच सोय मागून घेतली. थोरली वेगवान काही झाली नाही. पण बाईंच्या खाटेपाशी उभी राहून, दिलेलं तिथेच भरून, मगच ती पुढे सरकायला लागली. बाई घरी जायच्या दिवशी तिने त्यांची शेवटची नोंद केली. त्या स्क्रीनकडे मान उंचावून म्हणाल्या, "बघू, शुद्धलेखन बरोबर आहे का?"

निर्णय मागाहून आला. भिंगरीचं इन्चार्जपद गेलं. साधी सिस्टर म्हणून त्याच वॉर्डात राहायचं. सगळ्या वॉर्डांत यंत्र बसवायचं काम चष्मेवालीकडे गेलं. ती भिंगरीकडे आली तेव्हा तिला शब्द सापडत नव्हते. "ताई, मी नाही म्हणणार होते."

"नाही म्हटलं असतंस तर कान उपटले असते," भिंगरी म्हणाली. "वयस्क सिस्टरना आधी विचार, दिसतं का. ते मी विसरले होते." त्या रात्री घरी ती ताट न संपवताच उठली, आणि नवऱ्याने पहिल्यांदाच तिला बस म्हटलं नाही.

वर्ष सरता सरता सगळ्या इस्पितळात कार्डं आली. दुसऱ्या गावच्या इस्पितळातून माणसं बघायला आली. मेट्रन मॅडम त्यांना घेऊन थेट बायकांच्या वॉर्डात आल्या, कारण सुरुवात तिथूनच झालेली. चष्मेवालीने समजावून सांगितलं आणि थोरलीने करून दाखवलं, एकेक अक्षर शोधत. पाहुणे अगत्याने थांबले. कुणी घड्याळ बघितलं नाही.

भिंगरी पलीकडे एका म्हाताऱ्या पेशंटचं अंग पुसत होती. बाजूला कोमट पाण्याचं भांडं. फोटो काढणारा माणूस मागे मागे सरकत आला. "सिस्टर, जरा पडदा ओढता का? फोटोत येतंय हे सगळं."

तिने पडदा ओढून घेतला.

"कसला गोंधळ आहे गं बाहेर?" म्हातारीने विचारलं.

"फोटो काढतायत, आजी."

"मग तू नाही जात?"

पडद्यापलीकडून थोरलीची हाक आली, "अगं भिंगरे, ये की इकडे! तुझ्यावाचून कसला फोटो?" हाक दोनदा आली.

"हात ओले आहेत माझे," भिंगरी म्हणाली. "तुम्ही काढा."

मग तिने फडकं भांड्यात बुडवून पिळलं, म्हातारीला हळूच कुशीवर वळवलं आणि तिची पाठ मानेपासून पुसायला घेतली.