दोन दारांची गाडी

हैफाने अबाया गुडघ्यांत गोळा केला आणि गाडीच्या नाकाखाली वाकून पाहिले. बंपरची खालची कड गतिरोधकांनी पार खरवडून काढली होती.

"रोजच्या वापरात हे व्हायचंच," जुन्या गाड्या विकणारा अबू राकान म्हणाला. "पण रंग बघा ना, ताई. असली डाळिंबी गाडी अख्ख्या रियाधमध्ये दुसरी दाखवा."

"डावं दार पुन्हा रंगवलंय."

अबू राकान हसला. "तुमच्यापासून काय लपणार!"

गाडी बसकी होती, देखणी होती. एसी झटकन गार झाला. मागचे मात्र धड दिसत नव्हते आणि डिकीत दोन पिशव्या जेमतेम मावल्या असत्या. हैफाने सगळे पाहिले, पण एकदाही नाक मुरडले नाही.

तिची आई, उम्म सऊद, पत्र्याच्या सावलीत काठीवर रेलून उभी होती. हैफाला गाडीचा परवाना मिळाला, त्याच आठवड्यात तिच्या भावाने, सऊदने, घरचा ड्रायव्हर काढून टाकला होता. तेव्हापासून बँकेतून सुटले की आईचा दवाखाना, वहिन्यांची खरेदी, पोरांच्या शिकवण्या. एखाद्या दिवशी ती नाही म्हणाली, तर सऊदचे ठरलेले, "तुला कुठे नवरा-पोरं आहेत?"

"अगं, मी कुठं बसायचं यात?" आईने विचारले.

"पुढे."

"आणि सऊदची पोरं?"

"त्यांना बाप आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने काठी अबू राकानच्या हातात दिली, पुढची सीट कलती करायला लावली आणि मागे शिरू लागली.

"आई, हे कशाला?"

"बघू तर दे."

एक पाय आत गेला, दुसरा दारातच अडला. म्हातारी ना आत, ना बाहेर. शेजारच्या गाळ्यातली माणसे वळून बघू लागली. हैफाने तिला काखेत हात घालून बाहेर ओढले. आईने दुखरा गुडघा चोळला.

"म्हणूनच आवडली ना तुला ही?" ती हळूच म्हणाली.

हैफा तिच्या बाहीवरची धूळ झटकत राहिली.

"जा, चालवून बघ," आई म्हणाली. "न चालवता कोणी गाडी घेतं का?"

हैफा एकटीच निघाली. लहानसा खड्डासुद्धा थेट मणक्यात लागत होता. पण मोठ्या रस्त्याला लागल्यावर गाडी अशी पळाली की तिला हसू फुटले. तो आवाज आपलाच आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. परतीचे वळण आले, ते तिने सोडून दिले आणि आणखी एक फेरी मारली.

ती आली तेव्हा पत्र्याखाली कोणी नव्हते.

"आई कुठे गेली?"

"टॅक्सीने गेल्या," अबू राकान म्हणाला. "थांबा म्हटलं मी. तर म्हणाल्या, आतापासूनच सवय केलेली बरी."

हैफाचे हात स्टिअरिंगवरून खाली आले नाहीत.

"मग ताई," तो जरा थांबून म्हणाला, "कागद करायचे ना?"

"करा," ती म्हणाली. त्याला ऐकू आले नाही, म्हणून तिला पुन्हा म्हणावे लागले.