जुळ्यांची टोपली

झैनोल्लाच्या डोळ्यांत फार तर महिन्याभराचा उजेड उरला होता. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं. म्हाताऱ्याला एकच ध्यास: पन्नास वर्षांपूर्वी बंदी आलेला, आपण काढलेला सिनेमा एकदा बघायचा. त्याची एकही प्रत उरली नव्हती.

मुलगी मरझान अल्माटीच्या कलादालनांत व्हिडिओ मांडायची. तिचा संगणक ढीगभर सिनेमे चाळून एकसारखी दृश्यं शोधायचा आणि ती ते तुकडे जोडायची. आता तिनं बापाच्या वहीतली रेखाटनं संगणकाला दिली, त्याच्याच स्टुडिओचे दोनशे सिनेमे पुढ्यात ओतले आणि मिळत्याजुळत्या दृश्यांतून त्याचा सिनेमा उभा करायला घेतला. रोज जमेल तेवढं दाखवी. तो पडद्याला नाक लावून बघे.

"हा घोडा माझा नाही."

"सारखा दिसतो ना, कोके?" बापाला ती कोकेच म्हणायची.

"तूही आत्यासारखी दिसतेस. म्हणून तिच्या नवऱ्याकडे नांदायला धाडू?"

तीन आठवडे असेच गेले. एका सकाळी त्यानं चहा वाडग्याबाहेर ओतला. मरझाननं तो पुसून घेतला.

"दृश्यं तरी किती चाळू?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "एकच वावटळ चार सिनेमांत, तंतोतंत. असली जुळी तर मी आधीच संगणकातल्या कचऱ्याच्या टोपलीत टाकते."

"टाकतेस? अगं शिंगरा, आमच्याकडे फिल्म कुणी टाकत नसे. बंदी आलेल्या सिनेमातली वावटळ, घोडे, गर्दी कापून दुसऱ्या सिनेमांना वाटायचे. माझा तेवढा जाळला, असं कळवलं होतं..."

बोलता बोलता त्यानं वही चाचपून तिच्या हातात दिली. "ती चार ठिकाणची वावटळ कुणाची, बघ बरं."

मरझाननं टोपली उघडली. त्रेचाळीस तुकडे निघाले, आणि एकेक वहीशी जुळत गेला. तिला रडू आवरेना. बापाचा उरलासुरला उजेड तिनं परक्यांचे घोडे दाखवण्यात घालवला होता.

तिनं त्याला खुर्चीत बसवलं आणि तुकडे सुरू केले.

"घोड्यांमागून लंगडा कुत्रा येतोय?" त्यानं विचारलं. "आपणहून घुसला होता. मी काही त्याला दृश्यातून कापला नाही."

"येतोय, कोके."

"मग माझंच."

म्हातारा हसत होता, पण त्याचं तोंड खिडकीकडे होतं. मरझाननं संगणक उचलला आणि आवाज न करता खिडकीत नेऊन ठेवला.